घेताना १८० पौंड, घरी येईपर्यंत किती?

मागच्या अंकात परदेशातून जुनं फर्निचर आणण्याबद्दल मी सहज दोन परिच्छेद लिहिले आणि आता संपादक म्हणतायत निस्तरा, एवढी पत्रं आलीत. मी न्हावाशेवाला क्लिअरिंगच्या कामात एकतीस वर्षं काढून रिटायर झालो आणि जुन्या लाकडाचा नाद त्याच्याही आधीचा, त्यामुळे गोदामातलं आणि दिवाणखान्यातलं दोन्ही थोडंफार कळतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर, कोणाचं राहिलं असेल तर रागावू नका.

काका नमस्कार, आम्ही नऊ वर्षं लीड्सला आहोत आणि पुढच्या वर्षी कायमचे नाशिकला येतोय. इथे ऑक्शनला महोगनीचं चेस्ट ऑफ ड्रॉवर्स बघितलं, वर दोन छोटे खण आणि खाली तीन मोठे. लेबलवर १८४० लिहिलंय, मापं १०७, ५१, १०४ सेंटीमीटर आणि अंदाजे भाव १८० पौंड. नवरा म्हणतो इतकं स्वस्त म्हणजे काहीतरी गडबड असणार. घेऊ का? आणि आणायला किती पडेल?

आधी नवऱ्याची शंका. गडबड असेलच असं नाही हो, फॅशन गेलीय. असल्या गडद, जड महोगनी सामानाला तिकडे ब्राउन फर्निचर म्हणतात आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचे भाव जे बसले ते बसलेच, घरं लहान झाली, तरुणांना पांढरं हलकं हवं, आजी-आजोबा गेले की मुलं सगळं ऑक्शनला टाकतात. म्हणून भरीव लाकडाचं, पावणेदोनशे वर्षांचं कपाट आपल्याकडच्या प्लायच्या कपाटाच्या भावात मिळतं. फक्त १८० हा हातोड्याचा भाव झाला, त्यावर ऑक्शनवाल्याचा बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन, लागतो आणि प्रीमियमवर व्हॅट, तो टक्का अटींमध्ये बारीक अक्षरात असतो तो आधी वाचा.

आता १८४० चं. लेबलवर काहीही लिहिता येतं. व्ह्यूइंगच्या दिवशी, म्हणजे लिलावाआधी माल बघायला ठेवतात तेव्हा, मोबाईलचा टॉर्च आणि टेप घेऊन जा आणि विचारून सगळ्यात मोठा खण पूर्ण बाहेर काढा, समोरचं पॉलिश बघत बसू नका, ते सगळ्यांना बघायला केलेलं असतं. खणाची पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळते तिथे कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले दिसतील, आपले सुतारही त्याला डवटेलच म्हणतात. हाताने कापलेले असतील तर एक दात जाड एक बारीक, आणि सुताराने पटाशी लावायच्या आधी मारलेली रेघसुद्धा तिथे अजून दिसते, मला ती रेघ बघितली की त्या माणसाचा हात दिसतो. सगळे दात छापल्यासारखे एका मापाचे असले तर ते मशीनचे, मग १८४० विसरा. मागच्या फळीवर करवतीच्या गोल गोल खुणा असतील तर तेही नंतरचं काम. एखादा स्क्रू सुटा असेल तर हातात घेऊन बघा, १८५० च्या आधीच्या स्क्रूला टोक नसायचं, बोथट असायचा आणि डोक्यावरची खाच पुष्कळदा मधोमध नसायची. हँडलच्या आतल्या बाजूला बुजवलेली भोकं दिसली तर हँडल बदललेत, ते चालतं, बोली कुठे थांबवायची ते आपल्याला कळतं. आणि वरचा भाग एका कपाटाचा, खालचा दुसऱ्याचा असं लग्न लावलेलं नाही ना ते बघा, तिकडे खरंच त्याला मॅरेज म्हणतात, दोन्हीकडच्या बाजूच्या फळ्यांचे रेषे आणि रंग जुळले पाहिजेत.

दीड-दोन मिलीमीटरची गोल भोकं असतील तर घाबरू नका, ती किड्याची असतात आणि बहुतेक वेळा किडा कधीच गेलेला असतो. भोकाची कड काळपट असेल तर जुनं प्रकरण. कड फिकी आणि खाली रव्यासारखा ताजा भुसा असेल तर किडा आत जेवतोय, ते घेऊ नका, नाहीतर त्याला तुमच्याबरोबर नाशिकला आणाल.

आता भाड्याचं. बोटीचं भाडं वजनावर नाही तर जागेवर असतं, म्हणजे सीबीएमवर, क्यूबिक मीटर. तुम्ही दिलेली मापं १०७, ५१, १०४ सेंटीमीटर, गुणाकार केला तर ०.५७ सीबीएम. पण पॅकिंग धरा, प्रत्येक मापात दहा सेंटीमीटर वाढले की तेच ०.८१ होतं, म्हणजे नुसत्या हवेचं आणि पुठ्ठ्याचं भाडं चाळीस टक्क्यांवर गेलं, आणि सुटा माल पाठवला तर बहुतेक लोक कमीत कमी एक सीबीएम लावतातच. तेव्हा एकटं कपाट पाठवू नका. तुम्ही कायमचे येताय, घरातलं सगळंच सामान येणार, त्यात ते घाला. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ सीबीएम जागा असते, आणि कपाटाचे खण रिकामे पाठवायची गरज नाही, त्यात साड्या भरा, पुस्तकं नको, तळ खाली बसतो.

आणि कायमचे येताय हाच तुमचा मोठा फायदा. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, आम्ही टीआर म्हणतो, त्यात वापरलेल्या घरसामानाला ड्युटीची सवलत मिळते, ती तुम्ही बाहेर किती काळ राहिलात त्यावर असते, आणि सामान तुमच्या उतरण्याच्या किती आधी आलं किंवा किती नंतर निघालं तर चालतं त्यालाही मुदत आहे. तिकीट काढायच्या आधी सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटकडून, त्या दिवशीचा नियम लेखी घ्या, चुलत दिराने २०१९ ला काय केलं ते विचारू नका. कपाट आत्ताच घ्या, वर्षभर वापरा, पावती जपा. शेवटच्या आठवड्यात घेतलेलं, टॅग लोंबकळत असलेलं सामान वापरलेलं म्हणून दाखवायला गेलात तर समोरचा ऑफिसरही काही काल नोकरीला लागलेला नसतो.

एक राहिलं, ते माझ्या स्वतःच्या घरचं. मुलाकडे गेलो होतो तेव्हा एक छोटं ब्युरो घेतलं, म्हणजे झाकणाचं लिहायचं मेज, वरून वॉलनटचं व्हिनियर, लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, तो सामान घेऊन परत आला त्यात ते आलं. मे महिन्यात डोंबिवलीत पोचलं, मस्त दिसत होतं. जुलैत एके दिवशी सकाळी चहा घेताना बघतो तर झाकणाचं व्हिनियर एका कोपऱ्यात पापडासारखं वर आलेलं. कारण साधं आहे, तिकडची घरं हीटिंगने कोरडी, आणि जुन्या कामाला डिंक म्हणून सरस लावलेला असतो, जनावराच्या कातड्या-हाडांचा, तो दमट हवेत आणि उष्णतेत सैल पडतो. मी घाईघाईने शेजारच्या सुताराला बोलावलं, त्याने फेविकॉल भरला आणि वर पाटा ठेवला, आणि तिथे आता कायमचा डाग आहे कारण आत जुना सरस तसाच होता आणि फेविकॉल त्याला धरत नाही. तेव्हा सरस डबल भांड्यात गरम करून लावणारा कारागीर शोधा, आणि तोपर्यंत कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीपासून चार बोटं लांब आणि एसीच्या थेट झोताखाली नको.

पॉलिशला मात्र घाबरू नका. तिकडचं ते फ्रेंच पॉलिश म्हणजे आपली लाख आहे, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेला, आणि लाख त्या काळी आपल्याच देशातून जायची. आपल्याकडचे जुने पॉलिशवाले हेच काम करतात. मेलामाइन किंवा पीयू मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

काका, मे महिन्यात पॅरिसला जातोय, टूरवर, पुण्याहून. सेंट-ऊआँच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून एक फ्रेंच कपाट घ्यायची फार इच्छा आहे. तिथले लोक सगळं पाठवून देतात म्हणे?

पाठवून देतात, खरं आहे. मेट्रोने पोर्त द क्लिन्यांकूरला उतरा, रस्त्यावरचे बूट-टीशर्टवाले ओलांडून पुढे जा, फर्निचर हवं तर पॉल बेर आणि सेरपेत हे भाग बघा, तिथे शिपिंगवाल्यांशी बांधलेले लोक असतात. पण तुम्ही टूरवर जाताय, म्हणजे टीआर नाही. आणि वापरलेला माल म्हणून आयात करायचा तर आपल्याकडे तो रिस्ट्रिक्टेडमध्ये येतो, डीजीएफटीचं, म्हणजे परदेश व्यापार महासंचालनालयाचं, ऑथोरायझेशन लागतं. शंभर वर्षांच्या वरचं असेल तर अँटिक म्हणून कस्टमच्या दरपत्रकात त्याचं हेडिंगच वेगळं, ९७०६, पण मग शंभर वर्षं कागदावर दिसली पाहिजेत, दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलेलं कस्टममध्ये चालत नाही.

इथे फ्रेंच लोकांची एक गंमत उपयोगी पडते. पावतीवर 'एपोक लुई फिलिप' लिहिलं तर त्याचा अर्थ त्या राजाच्या काळात बनलेलं. 'स्तील लुई फिलिप' लिहिलं तर फक्त तसं दिसणारं, ते १९८० चंही असू शकतं. १९८१ चा तिथला एक सरकारी आदेशच आहे, विक्रेत्याने एपोक लिहून दिलं की तो त्याला बांधला जातो. तेव्हा भाव करताना दहा युरो कमी कमी करत बसण्यापेक्षा एपोक हा शब्द, शतक, लाकडाचं नाव आणि काय काय दुरुस्त केलंय ते पावतीवर लिहून मागा. लिहायला का-कू करायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि हिशोब असा धरा, ड्युटी नुसत्या कपाटाच्या किमतीवर नाही तर किंमत, विमा आणि भाडं सगळं मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागते. समजा कपाट ४०० युरोचं आणि भाडं-विमा ११००, तर ड्युटी १५०० वर, म्हणजे तुम्ही बोटीच्या भाड्यावरही कर भरताय. माझं मत विचाराल तर नका आणू. तिथून जुनी पितळी हँडलं, कुलपांच्या नक्षीदार पट्ट्या, दोन-चार किल्ल्या बॅगेतून आणा आणि इथल्या सागवानी कपाटाला लावा, मी लावलीत.

काका, लेस्टरला एका लिलावात काळ्या लाकडाची कोरीव खुर्ची आलीय, 'बॉम्बे ब्लॅकवुड, सुमारे १८६०' असं लिहिलंय. आपल्याच मुंबईची खुर्ची, कोल्हापूरला घरी न्यावी असं फार वाटतंय.

तुमचं पत्र वाचून मलाच लिलावाला यावंसं वाटलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीची असली कोरीव कामं व्हायची, वेली, पक्षी, पायाला जनावराचे पंजे, गोऱ्या साहेबांची आणि पारशी घरांची गिऱ्हाइकी, आणि साहेब परत जाताना बोटीवर चढवून न्यायचे. उचलून बघा, शिसवी असेल तर खुर्ची मानेला रग लावते. बर्मी कोरीवकामही पुष्कळदा काळं रंगवून ब्लॅकवुड म्हणून विकतात, सीटच्या खाली जिथे रंग पोचत नाही तिथे लाकूड पिवळसर दिसलं तर ते सागवान.

पण खरी शिसवी असेल तर कागद लागणार. जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया प्रजातीतलं सगळं लाकूड साइटेसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, आपली शिसवीही त्यातच. तयार वस्तूत त्या लाकडाचं वजन एका शिपमेंटला दहा किलोपर्यंत असेल तर सूट आहे, तुमच्या खुर्चीचं काट्यावर वजन करा, वर गेलं तर ब्रिटनमध्ये एपीएचए नावाचं खातं आहे तिथे जुनं लाकूड म्हणून अर्ज करायचा, बोट बुक करायच्या आधी, नंतर नाही. ब्राझिलियन रोझवुड मात्र याहून कडक, ते १९९२ पासून पहिल्या यादीत आहे आणि त्याला दहा किलोची सूट नाही. हे सगळ्यांसाठीच सांगतो, कारण साठच्या दशकातली डॅनिश साइडबोर्डं, म्हणजे लांब बुटकी कपाटं, घ्यायची आता टूम निघालीय आणि त्यातली बरीच त्याच लाकडाची आहेत. किल्लीच्या भोकाभोवती पांढरी हस्तिदंती चकती दिसली तर तो व्यवहार सोडूनच द्या.

काका, आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. वाईच्या वाड्यातला पणजोबांचा झोपाळा, पितळी कड्यांसकट, इकडे आणायचाय. वाडा पाडतायत. मामा म्हणतो कंटेनरमध्ये टाकून देतो, कोण बघतंय.

मामांना म्हणावं थांबा. ही उलटी दिशा आहे आणि उलट्या दिशेला कायदा जास्त कडक आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा, शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, घरची असली तरी, पणजोबांची असली तरी. झोपाळा शंभरच्या आतला असेल तर पुरातत्त्व खात्याकडून म्हणजे एएसआयकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यायचा, फोटो आणि मापं देऊन. पणजोबांचा म्हणताय तर मला धाकधूक आहे, पण घराण्यात सांगतात तेवढं जुनं दर वेळी नसतं, वाड्याचे जुने हिशोब, लग्नाचे फोटो काढून बघा, कधीकधी झोपाळा आजोबांनी १९३८ ला करून घेतलेला निघतो. आणि खरंच शंभरच्या वरचा निघाला तर तो मामांकडेच टांगा, त्याच मापाचा नवा सागवानी पाट साताऱ्याला करून घेऊन न्या. कड्यांचंही वय बघितलंच जातं, त्या सुट्या काढून बॅगेत लपवायचा सल्ला मी देणार नाही.

काका, संगमरवरी टॉप असलेलं वॉशस्टँड, तोंड धुवायचं भांडं ठेवायचं टेबल, इंग्लंडहून मागवलं, ठाण्याला पोचलं तर संगमरवराचे दोन तुकडे. विमावाले म्हणतात पॅकिंग तुमचं तुम्ही केलंत, पैसे मिळणार नाहीत. शिवाय डोअर टू डोअर सांगून बंदरावर वेगळे पैसे घेतले.

वाईट वाटलं, पण पहिल्या मुद्द्यावर विमावाल्यांचंच बरोबर ठरेल. स्वतः पॅक केलेल्या सामानाच्या मोडतोडीला बहुतेक पॉलिसीत कव्हर नसतं, फक्त सगळं बुडालं-हरवलं तर देतात. पॅकिंग कंपनीकडून करून घ्यायचं आणि ऑल रिस्क घ्यायचा, किंमत अधिक भाडं आणि त्यावर दहा टक्के एवढ्या रकमेचा. आणि संगमरवर आडवा ठेवून पाठवलात ना? तो नेहमी उभा, काचेसारखा कडेवर ठेवायचा, वेगळ्या क्रेटमध्ये. आडवा ठेवला की स्वतःच्याच वजनाने पहिल्या खड्ड्याला जातो. क्रेटचं लाकूडही ५६ डिग्रीला अर्धा तास तापवलेलं हवं, त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, तो नसला तर माल बंदरावर अडकतो.

दुसऱ्या मुद्द्यावर भांडा. कोटेशन काढून बघा, त्यात डीओ चार्जेस (माल सोडायच्या ऑर्डरचे पैसे), टर्मिनल हँडलिंग, सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनरचं गोदाम) हे शब्द 'समाविष्ट'खाली आहेत की 'वगळून'खाली. समाविष्ट असतील तर लेखी मागा पैसे परत. पुढच्यासाठी, डिलिव्हरीच्या कागदावर सही करायच्या आधी खोकं फुटलंय असं त्यावरच लिहायचं, फोटो काढायचे आणि सर्व्हेअर येईपर्यंत फाटका पुठ्ठासुद्धा टाकायचा नाही. तुकडे मार्बलवाला इपॉक्सीने जोडून देईल, रेघ दिसेल.

काका, व्हिक्टोरियन वॉर्डरोब आला एकदाचा, सगळं नीट झालं, ड्युटीही भरली. आता तो आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये जात नाहीये आणि जिन्याच्या वळणावर अडकतोय. चार दिवस पार्किंगमध्ये उभा आहे, सोसायटीचे सेक्रेटरी रोज फोन करतायत.

कापू नका, आधी हे वाचा. असली मोठी कपाटं बोटीतून आणि अरुंद जिन्यांतूनच जायला केलेली असतात, एकसंध क्वचित असतात. वरची नक्षीदार पट्टी, कॉर्निस, ती बहुतेक वेळा नुसती वर ठेवलेली असते, दोघांनी दोन्हीकडून सरळ वर उचला. मग दारं उघडून आतल्या बाजूला छताजवळ आणि तळाजवळ मोठे स्क्रू किंवा लाकडी खुंट्या शोधा, टॉर्च लावून, पॉलिशखाली लपलेल्या असतात. त्या काढल्या की बाजू, पाठ आणि खालचा चौथरा वेगळा होतो. आरशाचं दार सगळ्यात आधी बिजागरीवरून काढून गादीत गुंडाळा. प्रत्येक तुकड्यावर आतून खडूने नंबर घाला, कुठली बाजू डावी ते लिहा, आणि स्क्रू ज्या भोकाचा त्याच भोकात परत जाईल असे वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. सेक्रेटरींना रविवारी सकाळी हात लावायला बोलवा, फोन बंद होतील.